चाल आवडते, शब्द नकोत!

गाण्याचा अर्थ ज्याचा त्याचा असतो, हे वाक्य हल्ली फार कानावर येते. कवीने लिहिले, गायकाने गायले, आता ऐकणाऱ्याला जे वाटेल तो अर्थ. ऐकायला किती उदार! भांडण नाही, तंटा नाही, प्रत्येकाच्या पदरात एकेक अर्थ. आम्हाला मात्र हे वाक्य लबाड वाटते. ते कोण बोलतो, कुठल्या गाण्याबद्दल बोलतो आणि नेमके कधी बोलतो, एवढे पाहिले की त्याची लबाडी उघडी पडते. आज आम्ही ते एका इंग्रजी रॉक गाण्यावरून दाखवणार आहोत. भीमगीतांवर आणि शाहिरीवर लिहिणारे आम्ही एकदम गिटारवाल्यांच्या मागे कसे लागलो, असे काही मित्र विचारतील. त्यांनी थोडा धीर धरावा. गाडी आपल्याच वस्तीत येणार आहे.

गाणे आहे ‘किलिंग इन द नेम’. बँडचे नाव ‘रेज अगेन्स्ट द मशीन’, म्हणजे यंत्राविरुद्धचा संताप. हे यंत्र कारखान्यातले नव्हे, माणसाला भरडणारी व्यवस्था म्हणजे यंत्र. बँड १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये उभा राहिला आणि त्याचा पहिला अल्बम नोव्हेंबर १९९२ मध्ये आला. गाणारा झॅक द ला रोचा मेक्सिकन वंशाचा, बाप चित्रकार, चिकानो चळवळीतला. गिटार वाजवणारा टॉम मोरेलो, बाप केनियाचा मुत्सद्दी, आई गोरी शिक्षिका, आणि पोरगा हार्वर्डमधून समाजशास्त्रे शिकून आलेला. म्हणजे हे लोक नशेत काहीबाही बरळणारे नव्हते. आपण काय म्हणतो आहोत आणि कुणाला म्हणतो आहोत, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आम्हाला हे गाणे पहिल्यांदा भेटले ते पुण्यात, समाजशास्त्राचे एम.ए. करत असताना, वसतिगृहातल्या एका मित्राच्या पेन ड्राइव्हवर. इंग्रजी तेव्हा आमचे कच्चे होते. शब्द अर्धे कळायचे, अर्धे निसटायचे. शेवटी गायक एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडतो, शिवीसकट, की तू सांगतोस ते मी करणार नाही. तेवढे मात्र आम्हाला लख्ख कळले. आणि आम्ही काय अर्थ लावला? हे गाणे रेक्टरविरुद्ध आहे! रात्री दहाला गेट बंद करणाऱ्या, स्कॉलरशिपचा फॉर्म तीनदा परत पाठवणाऱ्या, नाव विचारून झाल्यावर आडनाव विचारणाऱ्या प्रत्येकाविरुद्ध आहे. खोलीचे दार लावून आम्ही पाच-सहा जण ते वाक्य ओरडायचो. कबूल करतो, चुकीचा अर्थ लावणाऱ्यांच्या रांगेत आम्हीही उभे होतो. अगदी पुढे.

नंतर एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हेच गाणे एका हौशी बँडने वाजवले. इंग्रजी माध्यमातली, बऱ्या घरची मुले. काळे टी-शर्ट, मनगटाला पट्टे. शेवटचे वाक्य आले तेव्हा सारे मैदान एका आवाजात ओरडत होते. आम्हीही. कार्यक्रमानंतर त्यातल्या एका जाणकार मुलाला आम्ही विचारले, यातल्या पहिल्या ओळींचा अर्थ काय? तो म्हणाला, स्वातंत्र्य. घरचे, समाज, सिस्टिम कुणाचे ऐकायचे नाही. आम्ही म्हटले, पण त्यात क्रूस जाळणाऱ्यांचा उल्लेख आहे ना? ते कोण? त्यावर तो हसला आणि म्हणाला, ‘तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत जात आणता.’ आता गंमत बघा. आम्ही जातीचे नावही काढले नव्हते. आम्ही फक्त गाण्यातला शब्द विचारला होता!

त्या शब्दाने आम्हाला ग्रंथालयात पाठवले. जे सापडले ते असे.

गाणे आहे मोजक्या ओळींचे. त्याचा कणा म्हणजे एक आरोप: सरकारी बळ ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यातलेच काही जण क्रूस जाळणाऱ्यांतलेही आहेत. क्रूस जाळणारे म्हणजे कू क्लक्स क्लॅन, काळ्यांना दहशतीत ठेवण्यासाठी १८६५ साली टेनेसीत सुरू झालेली गोऱ्यांची गुप्त संघटना. १९१५ साली जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर तिचा पुनर्जन्म झाला तो जळत्या क्रूसासमोर. पुढे काळ्या माणसाच्या घरापुढे रात्री जळता क्रूस रोवणे म्हणजे ‘आम्ही येऊन गेलो, पुन्हा येऊ’ अशी धमकी झाली. आणि ही माणसे दिवसा काय करत? काही जण गणवेश घालत. १९६४ च्या जूनमध्ये मिसिसिपीत काळ्यांच्या मतदार नोंदणीसाठी गेलेले तीन तरुण कार्यकर्ते, एक काळा आणि दोन ज्यू, मारून मातीच्या बांधात पुरले गेले. त्यांना आधी अटक करून, रात्री सोडून, मग रस्त्यावर पुन्हा पकडून मारेकऱ्यांच्या हवाली करणारा सेसिल प्राइस हा तिथला डेप्युटी शेरिफ होता. फौजदार तोच, क्लॅनवालाही तोच. पुढे १९६७ मध्ये फेडरल कोर्टाने त्याला दोषी ठरवले, तेही खुनासाठी नव्हे, नागरी हक्क डावलण्याच्या कटासाठी.

गाणे अशा इतिहासावर उभे आहे. आणि जवळचा संदर्भही आहेच. ३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या मोटारचालकाला रस्त्यावर लोळवून मारले. बाल्कनीतून एका रहिवाशाने ते चित्रित केले म्हणून जगाला दिसले. चित्रफीत डोळ्यांसमोर असताना २९ एप्रिल १९९२ रोजी ज्युरीने चार पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून मोकळे सोडले. त्या ज्युरीत एकही काळा माणूस नव्हता. शहर पेटले, साठाहून अधिक माणसे मेली. या अल्बमच्या कॅसेटी दुकानात आल्या तेव्हा त्या आगीला जेमतेम सहा महिने झाले होते. आता सांगा, त्या शहरात, त्या वर्षी, गणवेश आणि क्रूस यांना एका ओळीत बसवणारे गाणे ‘आईबाबांचे ऐकू नका’ म्हणून लिहिले गेले असेल?

पण चाहते असेच ऐकतात. का ऐकतात, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण दोष केवळ चाहत्याच्या अज्ञानाचा नाही. गाण्याच्या रचनेतही एक दार उघडे राहिले आहे. सुरुवातीला जो आरोप आहे त्यात ‘ते’ आहेत, ओळखता येणारे, इतिहास असलेले ‘ते’. शेवटच्या आरोळीत फक्त ‘तू’ आणि ‘मी’ उरतात. सर्वनामाला जात नसते, वर्ण नसतो. त्यात कुणीही शिरू शकतो. सुरुवात विसरून शेवट तेवढा उचलला, की जमीनदाराचा पोरगाही ‘मी’ होतो आणि त्याला किमान वेतन मागणारा मजूर ‘तू’ होतो. आरक्षणाविरुद्ध मोर्चा काढणारा ‘मी’ होतो आणि संविधान ‘तू’ होते. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ट्रम्पचे समर्थक निवडणुकीच्या निकालाविरुद्ध जमले आणि याच गाण्यावर नाचले. पोलिसांच्या समर्थनाचे झेंडेही तिथे फडकत होते. बँडने जाहीरपणे खेद केला की या लोकांना काही कळतच नाही. आमचे मत थोडे वेगळे आहे. त्यांना कळत नाही असे नव्हे. कळून न घेण्याची त्यांना मुभा आहे. गणवेशातल्या माणसाची भीती ज्याला कधी वाटलीच नाही, त्याला पहिली ओळ ऐकण्याची गरजच पडत नाही.

लोकांच्या कानाला काय टोचते, याचा एक मासला पाहा. २००९ साली इंग्लंडमध्ये एका जोडप्याने मोहीम काढली की टीव्हीवरच्या गायन स्पर्धेतल्या विजेत्याऐवजी यंदा नाताळच्या आठवड्यात हे जुने गाणे पहिल्या क्रमांकावर आणायचे. पाच लाखांहून अधिक लोकांनी ते विकत घेतले आणि खरेच आणले. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला त्यातून पैसा गेला, हे चांगले झाले. पण बीबीसीच्या रेडिओवर बँडला थेट गायला बोलावले तेव्हा विनंती केली होती ती शेवटची शिवी गाळण्याची. त्यांनी ती गाळली नाही, म्हणून प्रसारण मध्येच तोडले गेले. शिवी नको. आरोप? आरोप चालेल, तो कुणी ऐकतच नाही! आपल्याकडेही असेच आहे. दलित कवीने शिवी लिहिली की समीक्षक कपाळाला हात लावतात. शिवी ज्या कारणासाठी आली ते कारण मात्र परिशिष्टातसुद्धा येत नाही. धसालांच्या ‘गोलपिठा’चे काय झाले ते आठवा.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन यांचा हा आवडता बँड असल्याची बातमी झाली. श्रीमंतांचे कर कमी करा, गरिबांच्या योजना छाटा, हे त्यांचे राजकारण. मोरेलोने ‘रोलिंग स्टोन’ मासिकात लेख लिहून ठणकावले की ज्या यंत्राविरुद्ध आम्ही वीस वर्षे ओरडतो आहोत, ते यंत्र म्हणजे तूच. त्यावर रायन यांचे म्हणणे काय? संगीत आवडते, शब्द आवडत नाहीत.

मित्रांनो, या उत्तरापाशी थोडे थांबा. चाल आवडते, शब्द नकोत. हे तुम्ही कुठे ऐकले आहे? आम्ही रोज ऐकतो. दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला प्रत्येक पक्षाचा पुढारी बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो. पुतळा आवडतो, कोट आवडतो, संविधानाचे पुस्तक धरलेला हात आवडतो, ‘महामानव’ हा शब्द तर फारच आवडतो. ‘जातिनिर्मूलन’ वाचा म्हटले की वेळ नसतो. २२ प्रतिज्ञा म्हणा म्हटले की भावना दुखावतात. ही चाल आवडणाऱ्यांचीच गर्दी आहे. बाबासाहेबांचाही त्यांनी एक रॉकस्टार करून टाकला आहे, ज्याच्या गाण्यावर डोलायचे आणि ज्याचे शब्द गुणगुणताना गाळायचे. ब्रूस स्प्रिंगस्टीनचे असेच झाले होते. व्हिएतनामहून परतलेल्या, नोकरी न मिळालेल्या कामगाराच्या तोंडचे ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गाणे १९८४ च्या निवडणुकीत रेगन यांच्या गोटाला राष्ट्राभिमानाचे गाणे वाटले, कारण धृपदात देशाचे नाव आहे आणि ढोल जोरात आहे. कडव्यांकडे बघायला कुणाला सवड होती?

आता ‘अर्थ ज्याचा त्याचा’ म्हणणारे एक शास्त्रीय ढाल पुढे करतात. लेखक मेला, असे रोलां बार्थ यांनी १९६७ मध्येच सांगितले आहे ना! एम.ए.च्या परीक्षेत आम्हीही हे लिहून गुण मिळवले आहेत. पण त्याच अभ्यासक्रमात जमैकात जन्मलेले स्टुअर्ट हॉल होते. १९७३ च्या त्यांच्या निबंधाने दाखवून दिले की अर्थ लावणारे लोक हवेत तरंगत नसतात. प्रस्थापितांना हवा तो अर्थ घेणारे, अर्धा घेऊन अर्धा बदलणारे आणि उलटून वाचणारे असे वाचक असतात, आणि कोण कुठे उभा राहतो याला त्याच्या समाजातल्या जागेचा संबंध असतो. एका काळ्या विचारवंताने अर्थाचा प्रश्न सत्तेच्या प्रश्नाला जोडला. आमच्या वर्गात मात्र हॉल दोन तासांत उरकले गेले आणि बार्थवर परिसंवाद झाला. हा योगायोग असेल. आम्हाला तसा तो वाटत नाही.

पण आपण हॉलपर्यंत तरी कशाला जावे? अर्थ कसा लावावा याची आपली स्वतःची परंपरा आहे. अलगद्दूपम सुत्तात अरिट्ठ नावाचा भिक्खू आहे. बुद्धाचे म्हणणे तो आपल्या सोयीने उलटे करून सांगतो. भगवान त्याला सापाची उपमा देतात. साप पकडायला गेलेल्या माणसाने तो शेपटीकडून धरला तर साप उलटून त्यालाच चावतो. दोष सापाचा नाही, धरण्याचा आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हे सुत्त मुद्दाम नोंदवले आहे. बुद्धाच्या हयातीतही त्याचे शब्द चुकीचे सांगितले गेले, मग शतकानुशतके पाठांतरावर चाललेल्या वचनांचे काय झाले असेल, असा त्यांचा रोकडा प्रश्न आहे. आणि मग ते अर्थाला कसोटी लावतात: जे बुद्धीला पटते, तर्कसंगत आहे आणि माणसाच्या कल्याणाशी संबंधित आहे, ते बुद्धाचे म्हणून स्वीकारता येईल. म्हणजे बाबासाहेबांनी अर्थ लावला, बदललाही. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही पारंपरिक कथा त्यांनी नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. पण ‘मला असे वाटते’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे पटण्यासारखे आहे का, असे विचारले. कारण दिले. अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य आम्हीही मागतो, पण कारण देण्याची जबाबदारी पत्करून. ‘किलिंग इन द नेम’चा चाहता ही जबाबदारी टाळतो. तो साप शेपटीकडून धरतो आणि वर म्हणतो, मला असाच आवडतो!

या अल्बमच्या मुखपृष्ठाकडे आम्ही इतका वेळ मुद्दाम वळलो नव्हतो. पुण्यामुंबईच्या रस्त्यावर ते टी-शर्टवर विकत मिळते. एक माणूस रस्त्याच्या मधोमध पद्मासनात बसला आहे आणि ज्वाळांनी वेढला आहे. त्या मैदानात तो टी-शर्ट घातलेली किमान दहा मुले असतील. हा कोण, असे विचारल्यावर एकाने सांगितले, ‘कुणीतरी प्रोटेस्टर’.

तो कुणीतरी नाही. तो आमचा भिक्खू आहे. थिच क्वांग डुक, वय साठीच्या पुढचे, ११ जून १९६३, सायगाव. दक्षिण व्हिएतनामचा अध्यक्ष दिएम कॅथलिक, बहुसंख्य जनता बौद्ध परंपरेतली. त्या मे महिन्यात ह्युए शहरात कॅथलिक समारंभाला व्हॅटिकनचे झेंडे फडकले, ते चालले. काही दिवसांनी वैशाख पौर्णिमा आली आणि बौद्ध ध्वज लावायला मात्र बंदी. लोक जमले, सरकारी दलांनी बळ वापरले, आठ-नऊ माणसे मेली. आपल्या विहारावर जो पाच रंगांचा ध्वज आपण लावतो, १८८५ साली श्रीलंकेत तयार झालेला, तोच हा ध्वज. एका झेंड्याला परवानगी आणि दुसऱ्याला गोळी! हे चित्र ज्याला परके वाटते त्याने आपल्या तालुक्यातल्या गावांत निळा झेंडा आणि पंचशील ध्वज लावताना काय होते ते एकदा पाहून यावे.

त्या भिक्खूच्या कृतीचाही अर्थ लावणाऱ्यांची रांग लागली. अध्यक्षांच्या भावजयीने त्याला ‘बार्बेक्यू’ म्हणून हिणवले. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांना ती आत्महत्या वाटली. १९६५ मध्ये थिच न्हात हान्ह या व्हिएतनामी भिक्खूने मार्टिन ल्यूथर किंग यांना पत्र लिहून समजावले की हा जीवनाचा तिरस्कार नव्हता, लोकांचे दुःख जगाच्या कानी घालण्याची ती धडपड होती, आणि माणसाचा शत्रू माणूस नसून द्वेष, असहिष्णुता, भेदभाव हे आहेत. पुढच्या वर्षी दोघे भेटले. किंग व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उघड बोलू लागले आणि १९६७ मध्ये त्यांनी या भिक्खूचे नाव नोबेलसाठी सुचवले. (याच अल्बमवर ‘शत्रू ओळख’ अशा अर्थाचे एक गाणे आहे. न्हात हान्ह यांचे पत्र त्याच्या शेजारी ठेवून वाचावे.) आमच्या तरुणांना आम्ही इथे स्पष्ट सांगतो, त्या ज्वाळांचे अनुकरण करू नका. आपल्याकडे मेलेली पोरे फार झाली, आता जगणारी हवीत. पण तो टी-शर्ट अंगात घालताना छातीवर कोण बसला आहे, एवढे तरी माहीत असू द्या. सवर्ण पोराला तो ‘कुणीतरी’ वाटला तर आम्ही समजू शकतो. विहारात वंदना म्हणणाऱ्या आमच्याच पोरालाही तो ‘कुणीतरी’ वाटतो, हे आम्हाला झोंबते.

आपल्यातले काही जण म्हणतील, हे सगळे इंग्रजी थेर हवेत कशाला? वामनदादा आहेत, भीमगीते आहेत. आहेतच. पण रॉक गोऱ्यांचे आहे हा समजही चाल आवडणाऱ्यांनीच पसरवला आहे. एल्व्हिसच्या आधी सिस्टर रोझेटा थार्प नावाची काळी बाई चर्चची गाणी विजेच्या गिटारवर वाजवत होती. १९७३ मध्ये ती वारली, तिच्या थडग्यावर कित्येक वर्षे दगड नव्हता, आणि रॉकच्या ‘हॉल ऑफ फेम’ला तिची आठवण २०१८ मध्ये झाली. ढोलकी कुणाची आणि मानधन कुणाला, हा प्रश्न तमाशाच्या महाराष्ट्राला नवा आहे का?

आता दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे, नाहीतर आम्हीही शेपटीच धरून बसू. हा संदर्भ कळल्यावर आमची काही पोरे लगेच म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे पोलीसही असेच, आपणही कुणाचे ऐकायचे नाही, झाले! ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या, दहा माणसे गेली. त्या रक्ताने हादरलेल्या शाहीर विलास घोगरेंनी चार दिवसांनी कपाळाला निळी पट्टी बांधून स्वतःला संपवले. गाणारा माणूस होता तो, आपला. हे ज्यांनी पाहिले त्यांना गणवेशावर विश्वास ठेवा असे आम्ही कुठल्या तोंडाने सांगावे? ‘जय भीम कॉम्रेड’ पाहताना आमचाही कंठ दाटतो. पण त्या गोळीबारातल्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयात दोषी ठरवले गेले ते २००९ मध्ये, आणि ती बारा वर्षे साक्षीपुरावे, तारखा, वकील, पंचनामे यांची होती. नुसत्या आरोळीची नव्हती.

महाडचे घ्या. २० मार्च १९२७. ‘तू सांगतोस ते करणार नाही’ याचा याहून मोठा उच्चार या देशात झाला नसेल. पण त्या नकाराच्या आधी परिषद होती, ठराव होते, आणि नंतर तळे खुले करण्यासाठी कोर्टात दहा वर्षे झुंज होती. निकाल मुंबई उच्च न्यायालयातून १९३७ मध्ये आला. ज्यांच्यावरून आपल्या पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले त्या ओकलंडच्या ब्लॅक पँथरांचेही तसेच. पोलीस काळ्या माणसाला अडवायचे तिथे ते जाऊन उभे राहायचे. त्यांच्या हातातली बंदूक सगळ्यांना आठवते. दुसऱ्या हातात कायद्याचे पुस्तक असायचे, ते फोटोत नीट येत नाही. गाणे जिथे संपते तिथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते, आणि त्यासाठी गाण्याला दोष देता येत नाही. पाच मिनिटांच्या गाण्याने दहा वर्षांचा खटला लढावा अशी अपेक्षा आम्ही करत नाही. त्याने सुरुवातीला जे म्हटले ते तरी ऐकावे, एवढीच आहे.

त्या जाणकार मुलाने पुढे एका एप्रिलमध्ये फेसबुकवर लिहिले की चौदा तारखेला शहरात राहणे म्हणजे कानाला शिक्षा. डीजेचा त्रास होतो, म्हाताऱ्यांना होतो, बाळांना होतो, हे आम्ही स्वतः वस्तीच्या बैठकीत बोललो आहोत आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत. पण त्याचे वाक्य आवाजाबद्दल नव्हते. त्याच्या स्नेहसंमेलनाचे भोंगे काय हळू होते? गोंगाट तोच, ओरडणारे बदलले.

मागच्या पावसाळ्यात आम्ही हे गाणे विहारातल्या अभ्यासवर्गात नेले. शिवी गाळून नेले, कारण समोर आज्या बसल्या होत्या. बीबीसीला नावे ठेवणारे आम्ही इथे बीबीसीच झालो, हे त्या पोरांनी लगेच बोलून दाखवले. आधी सेसिल प्राइसची गोष्ट सांगितली, मग रॉडनी किंगची, मग मुखपृष्ठ भिंतीवर लावले आणि शेवटी गाणे वाजवले. वंदनेच्या ठिकाणी हे कसले संगीत म्हणून एक काका उठून गेले. अकरावीतल्या एका मुलीने विचारले, ‘सर, शेवटी तो “तू” म्हणतो, तो पोलिसाला म्हणतो की सगळ्यांना?’ आम्ही तो प्रश्न वर्गाला टाकला. तासभर वाद झाला. एकजण म्हणाला पोलिसाला, एकजण म्हणाला सरकारला. एका आजीने विचारले, गाणारा बाप्या आपल्या बायकोचे तरी ऐकतो का? मग हसण्यात दहा मिनिटे गेली, आणि त्यातून घरातल्या ‘तू’ची चर्चा निघाली, जी आम्ही ठरवलेलीच नव्हती. नऊ वाजता विहार बंद करायचा होता. ती मुलगी वहीत पहिल्या ओळी उतरवून घेत राहिली, शेवटच्या नव्हे. पुढच्या रविवारी तिला ‘जातिनिर्मूलन’चे पहिले प्रकरण वाचून यायला सांगितले आहे, आणि तिने आम्हाला ते गाणे पुन्हा आणायला सांगितले आहे, शिवीसकट.